समुद्रकाठचे हॉटेल आणि ओटीवरचा निवाडा

रहस्यकथा वाचतात सगळे, पण साहित्याच्या दस्तरखानावर तिला बसवायची वेळ आली की यजमान इकडेतिकडे पाहू लागतो. आपल्या समाजात तर ती दोन भाषांतून आली आणि दोन्हींकडून उशीखाली गेली. मराठीतून बाबूराव अर्नाळकर आले, उर्दूतून इब्ने सफी. आपल्या संमेलनांत आणि विशेषांकांत कविता, गझल, आत्मकथन, सामाजिक कादंबरी यांच्यावर भरपूर बोलले गेले. ज्या पुस्तकांनी अनेकांना वाचनाची पहिली गोडी लावली, त्यांच्याविषयी मात्र क्वचितच कुणी चार ओळी लिहिल्या.

हा लेख रहस्यकथेच्या एका खास जातीविषयी आहे. समुद्रकाठचे हॉटेल, सुट्टीवर आलेली दहा-पंधरा माणसे, ऊन, वाळू आणि एके दिवशी अचानक सापडलेले प्रेत. या जातीचा सर्वांत नेटका नमुना म्हणजे अगाथा ख्रिस्ती यांची १९४१ साली प्रसिद्ध झालेली ‘ईव्हिल अंडर द सन’ ही कादंबरी. ऐंशीहून अधिक वर्षे उलटली तरी ती वाचली जाते. का वाचली जाते? आणि राजपुरी खाडीच्या टोकाला असलेल्या आपल्या म्हसळ्यासारख्या गावातल्या वाचकाला, ज्याने डेव्हनचा किनारा कधी पाहिलेला नाही, ती इतकी ओळखीची का वाटते?

माझे उत्तर थोडक्यात असे आहे. या पुस्तकाची मोहिनी खुनात नाही आणि समुद्रातही नाही. लोकांनी ओटीवर बसून आधीच देऊन टाकलेला निवाडा एक परका माणूस पुराव्याने रद्द करतो, यात ती आहे. ज्यांच्याविषयी असे निवाडे नेहमी दिले जातात, त्यांना हे पुस्तक इतरांपेक्षा थोडे जास्त कळते. खुनी कोण, हे मी सांगणार नाही. ज्यांनी वाचले नाही त्यांचा आनंद हिरावून घेण्याचा हक्क समीक्षकाला नाही, आणि मला जे म्हणायचे आहे ते खुन्याचे नाव न घेताही म्हणता येते.

आधी जागा पाहू. इंग्लंडच्या दक्षिणेला डेव्हनच्या किनाऱ्यालगत एक लहान बेट आहे, नाव स्मगलर्स आयलंड, म्हणजे चोरट्या व्यापाऱ्यांचे बेट. अठराव्या शतकात एका दर्यावर्दी कप्तानाने तिथे घर बांधले. पुढे समुद्रकाठी सुट्टी घालवण्याची टूम निघाली तेव्हा त्या घराचे ‘जॉली रॉजर’ नावाचे हॉटेल झाले. किनाऱ्यापासून बेटापर्यंत काँक्रीटची वाट आहे. ओहोटीला माणूस चालत जातो. भरती आली की वाट पाण्याखाली जाते. हे सगळे हवेतून आलेले नाही. डेव्हनमध्ये बिगबरीजवळ बर्ग आयलंड नावाचे खरेच असे बेट आहे आणि त्यावर १९२९ साली बांधलेले हॉटेल आहे. ख्रिस्तीबाईंचा जन्म त्याच डेव्हनमधल्या टॉर्की या समुद्रकाठच्या शहरात १८९० साली झाला. किनाऱ्यावरची हॉटेले, तिथले पाहुणे आणि त्यांची कुजबुज त्यांनी लहानपणापासून पाहिली होती. १९३२ च्या ‘पेरिल अ‍ॅट एंड हाऊस’मध्ये आणि १९४२ च्या ‘द बॉडी इन द लायब्ररी’मध्येही समुद्रकाठचे हॉटेल आहे. पण हॉटेल हेच जिथे पूर्ण जग होऊन बसते, ती कादंबरी ही.

रहस्यकथेला असे हॉटेल का मानवते? पहिले कारण उघड आहे. बेटावर कोण आले, कोण गेले, याची मोजदाद करता येते. भरती-ओहोटीची वेळ ठरलेली, जेवणाची वेळ ठरलेली, आंघोळीची वेळ ठरलेली. घड्याळ आणि समुद्र हे दोन साक्षीदार खोटे बोलत नाहीत. संशयितांची यादी लहान राहते आणि वाचकाला वाटते, आपणही हे सोडवू शकू. एक बाटली खिडकीतून फेकली जाते. भर दुपारी बाराला न्हाणीघरातले पाणी वाहिल्याचा आवाज खोल्या आवरणाऱ्या मुलीला ऐकू येतो, पण त्या वेळी आंघोळ केल्याचे कुणीच कबूल करत नाही. अशा बारीकसारीक गोष्टी लेखिका आपल्यासमोर उघड्यावर मांडते. त्या लपवत नाही. त्यांचे महत्त्व लपवते. शेवटी कळते की सगळे आपल्या डोळ्यांसमोर होते. ही फसवणूक प्रामाणिक आहे आणि वाचकाला तिचा राग येत नाही.

दुसरे कारण अधिक खोल आहे. गावात माणसाच्या मागे चार पिढ्यांची ओळख उभी असते. हॉटेलात माणूस फक्त तेवढाच असतो, जेवढा तो दाखवतो. म्हणून हॉटेलातले लोक एकमेकांना वाचत बसतात. ‘जॉली रॉजर’च्या समुद्राकडच्या ओट्यावर खुर्च्या मांडून मंडळी बसलेली आहेत. एक बडबडी अमेरिकन बाई आणि तिला होकार देणारा नवरा. हिंदुस्थानातल्या फौजेतून निवृत्त झालेला आणि सगळ्यांना आपले जुने किस्से ऐकवून जेरीस आणणारा मेजर बॅरी. खेळाडू वृत्तीची मिस ब्रूस्टर. स्टीफन लेन हा पाद्री. आणि या सगळ्यांत सुट्टीवर आलेला बेल्जियन गुप्तहेर हर्क्यूल पॉयरो. वाळूवर ओळीने पडलेली उघडी शरीरे पाहून त्याला समुद्रस्नानाची मौज आठवत नाही, शवागार आठवते.

मग अर्लेना मार्शल येते. एकेकाळची नटी, पांढरा पोहण्याचा पोशाख, डोक्यावर मोठी हिरवी टोपी. ती वाळूवर उतरते आणि सगळ्या माना तिकडे वळतात. तिचा नवरा आहे, सोळा वर्षांची सावत्र मुलगी लिंडा आहे. आणि हॉटेलातल्या एका तरुण, विवाहित पुरुषाशी तिचे नाव जोडले जात आहे. ओट्यावरचा निवाडा तिथल्या तिथे लागतो. ही बाई वाईट आहे. ही पुरुषांना खाते. ही घरे मोडते. पाद्री लेनला तर तिच्यात साक्षात पाप दिसते. पुस्तकाचे नावही धर्मग्रंथातून आले आहे. जुन्या करारातल्या ‘उपदेशक’ या ग्रंथात सूर्याखाली पाहिलेल्या दुष्टाव्याचा उल्लेख येतो, आणि परंपरेने हा ग्रंथ हजरत सुलैमान अलैहिस्सलाम यांच्या नावाशी जोडला जातो. प्रश्न एवढाच की तो दुष्टावा नेमका कुणात आहे? ओट्यावरचे सगळे म्हणतात, अर्लेनात. आणि मग अर्लेनाचाच गळा दाबून खून होतो.

इथे कादंबरीची खरी कळ आहे. अर्लेना मेल्यावरही ओट्यावरचे मत बदलत नाही. अशा बाईचा शेवट असाच व्हायचा, एवढीच त्यात भर पडते. पॉयरो एकटा वेगळे पाहतो. त्याच्या मते अर्लेना शिकारीण नव्हतीच. पुरुषांच्या कौतुकावाचून जिला राहवत नाही, जिच्यावर पुरुष लवकर भाळतात आणि जिला तितक्याच लवकर कंटाळतात, अशी ती एक भोळी, उथळ, एकटी बाई होती. लोक जिला वाघीण म्हणत होते ती बकरी होती. आणि खुन्याला हे पक्के ठाऊक होते. त्याने तिच्या गळ्याला हात लावण्याआधी लोकांच्या तोंडातली तिची बदनामी हत्यार म्हणून वापरली. सगळ्यांनी तिच्याविषयी जे आधीच मानले होते, त्याच्या आडोशाला त्याचा डाव सुरक्षित राहिला. ओट्यावर बसलेल्यांपैकी बहुतेकांनी कुणाला मारले नाही, कुणाला मारायची इच्छाही धरली नाही. तरी त्या खुनात त्यांच्या जिभेचा वाटा आहे. ही गोष्ट ख्रिस्तीबाई भाषण न करता सांगतात, कोड्याच्या उत्तरातच ती दडवून ठेवतात.

लिंडाचे पात्र या दृष्टीने पुन्हा वाचण्यासारखे आहे. सावत्र आईचा तिला मनापासून राग आहे. ती मरावी असे तिला वाटून गेलेले आहे. खून झाल्यावर ही पोर स्वतःलाच गुन्हेगार समजू लागते आणि जिवावर उदार होण्यापर्यंत जाते. मोठी माणसे तर्कवितर्कांची करमणूक करत असतात तेव्हा त्याची किंमत घरातले मूल मोजत असते. रहस्यकथेला काळीज नसते असे म्हणणाऱ्यांनी हा भाग वाचावा.

या कादंबरीवर १९८२ साली गाय हॅमिल्टन यांनी चित्रपट काढला. पीटर उस्तिनोव्ह त्यात पॉयरो झाले. चित्रपट देखणा आहे, पण त्यात बेट एड्रियाटिक समुद्रात नेले आहे आणि पाद्री लेन व मेजर बॅरी यांना काढून टाकले आहे. त्यांच्या जागी प्रत्येकाला अर्लेनाविरुद्ध एकेक खासगी वैर दिले आहे. कोडे शाबूत राहिले, ओट्याचा आवाज मात्र गेला. कारण नसताना, केवळ नैतिक खात्रीने दुसऱ्याचा द्वेष करणारी माणसेच मूळ पुस्तकाला वजन देतात. वैरी माणूस तरी आपले वैर ओळखून असतो. आपण चांगले आहोत म्हणून समोरची वाईट आहे, असे मानणाऱ्याला आपण काय करतो आहोत याचा पत्ताही नसतो.

आता आपल्याकडे येऊ. ‘जासूस’ हा शब्द आपल्या तोंडात इतका रुळला आहे की त्याचे मूळ आपण विसरतो. ज्या अरबी धातूपासून जासूस झाला, त्याच धातूपासून ‘तजस्सुस’ झाला. आणि सूरह हुजुरातच्या बाराव्या आयतीत तजस्सुसला स्पष्ट मनाई आहे. पुष्कळसे संशय टाळा, काही संशय गुनाह असतात, दुसऱ्याची छिद्रे शोधत फिरू नका, पाठीमागे निंदा करू नका, असा त्या आयतीचा आशय आपल्याला मदरशापासून माहीत आहे. मग जासूसी कादंबरी वाचणे हे काय आहे? उत्तर त्याच सूरहमध्ये, सहाव्या आयतीत आहे. बेभरवशाच्या माणसाने बातमी आणली तर आधी शहानिशा करा, नाहीतर अजाणतेपणी कुणावर घाला घालाल आणि मग पस्तावाल, असा तिचा आशय. म्हणजे एकाच सूरहमध्ये एका गोष्टीला बंदी आहे आणि दुसरीची ताकीद आहे. बंदी तजस्सुसला, ताकीद तहकीकची.

‘ईव्हिल अंडर द सन’मध्ये हे दोन्ही समोरासमोर उभे केले आहेत. ओट्यावर चालतो तो तजस्सुस. तो खुनाच्या आधी सुरू होतो, कुणी विचारलेले नसताना सुरू होतो आणि पुराव्याशिवाय संपतो. पॉयरो करतो ती तहकीक. ती खुनानंतर सुरू होते, प्रत्येकाला एकाच मापाने मोजते, खोल्या आवरणाऱ्या मुलीची साक्ष मेजरच्या साक्षीइतकीच महत्त्वाची मानते आणि पुरावा दुसरीकडे बोट दाखवू लागला तर आपला आधीचा अंदाज मोडायला तयार असते. या वंशाची सर्वांत जुनी आणि सुंदर मिसाल आपल्याला पाठ आहे. हजरत यूसुफ यांच्यावर अजीजच्या बायकोने आळ घेतला तेव्हा तिच्याच घरातल्या एकाने सांगितले, कुर्ता पाहा. पुढून फाटला असेल तर ती खरी, मागून फाटला असेल तर तो खरा. कुर्ता मागून फाटलेला निघाला. एका बाजूला मालकिणीची इभ्रत आणि दुसऱ्या बाजूला परक्या देशातून विकत आणलेला गुलाम. निवाडा मात्र कापडाने केला.

याच्या उलट टोकाला अलिफ लैलातली तीन सफरचंदांची गोष्ट आहे. टायग्रिस नदीत एक पेटी सापडते, तिच्यात एका तरुण स्त्रीचे तुकडे. खलिफा हारून अल रशीद आपला वजीर जाफर याला तीन दिवसांची मुदत देतो: खुनी आण, नाहीतर तुझी मान जाईल. जाफर काहीच शोधत नाही. घरी बसून राहतो. उलगडा होतो तो योगायोगाने. कळते ते असे की नवऱ्याने बायकोला मारले, कारण रस्त्यात भेटलेल्या एका गुलामाने फुशारकी मारली की हातातले सफरचंद मला माझ्या प्रेयसीने दिले. ते सफरचंद प्रत्यक्षात त्याने तिच्या मुलाकडून हिसकावले होते. एक खोटी बातमी, शहानिशा नाही, आणि एक निरपराध बाई पेटीत. जगातल्या सर्वांत जुन्या खूनकथांपैकी ही एक. तिच्यात जासूस नाही, आणि तहकीक नसल्याने काय होते हे सांगण्यासाठीच जणू ती रचली गेली.

हे सगळे लक्षात घेतले की आपल्या दोन लोकप्रिय परंपरा आणि ख्रिस्तीबाई यांतला फरक कळतो. बाबूराव अर्नाळकरांचे झुंजार आणि काळा पहाड मराठी वाचकाला वेगाने पळवतात. वेशांतर, पाठलाग, बंद गाड्या, शेवटच्या क्षणी सुटका. इब्ने सफी यांनी १९५२ साली अलाहाबादहून ‘जासूसी दुनिया’ सुरू केली आणि १९५५ पासून इमरानची मालिका लिहिली. कर्नल फरीदी, कॅप्टन हमीद आणि इमरान यांच्याइतकी आवडती माणसे उर्दूत फार थोडी असतील. त्यांची उर्दू सुंदर, विनोद तल्लख, अश्लीलतेचा लवलेश नाही. १९८० साली ते गेले तरी त्यांची पुस्तके निघत राहिली. दोघांचेही आपल्यावर ऋण आहे. पण या कथांत वाचकाचा प्रश्न बहुधा ‘नायक यातून सुटेल कसा’ हा असतो. खलनायक बाहेरून येतो. त्याची टोळी असते, अड्डा असतो, प्रयोगशाळा असते. ख्रिस्तीबाईंकडे खलनायक आपल्याच टेबलावर बसून जेवतो, आणि प्रश्न असतो ‘मी याला ओळखले कसे नाही’. पहिला प्रश्न रोमांच देतो. दुसरा प्रश्न वाचकालाच आरोपीच्या पिंजऱ्यात उभा करतो. मधुकर तोरडमल यांच्यासारख्या रंगकर्मीने ख्रिस्तीबाईंच्या कादंबऱ्या मराठीत आणल्या, पण त्या वाटेने जाणारी मूळ मराठी कादंबरी आपल्या किनाऱ्यावर अजून लिहिली गेली नाही.

आपल्या किनाऱ्यावर, असे मी मुद्दाम म्हणतो. म्हसळा, श्रीवर्धन, मुरूड हा पट्टा १९४८ पर्यंत जंजिरा संस्थानाचा होता. भरतीच्या पाण्याने तुटणारी वाट, बेटावरची इमारत, रात्री किनाऱ्याला लागणारे मचवे, हे आपल्याला इंग्रजी पुस्तकातून शिकायचे नाही. पण एक फरक आहे. डेव्हनमध्ये जुना चोरटा व्यापार दीडशे वर्षांनी शोभेची वस्तू झाला. बेटाला त्याचे नाव दिले, हॉटेलला चाचांच्या निशाणाचे नाव दिले, आणि पाहुणे हौसेने पैसे मोजून राहायला आले. त्या भागातल्या माणसाला कुणी त्यावरून संशयाने पाहत नाही. कोकणच्या किनाऱ्यावर सोन्याची आणि घड्याळांची चोरटी आयात झाली, त्यात अनेक जातिधर्मांचे लोक होते. त्याचा शिक्का मात्र एका समाजाच्या कपाळावर बसला, आणि हिंदी सिनेमाने तो वर्षानुवर्षे गडद केला.

१९९३ नंतर तर हा संशय फार जड झाला. त्या वर्षाच्या सुरुवातीला श्रीवर्धन तालुक्यात दिघी आणि शेखाडी इथे शस्त्रे आणि स्फोटके उतरवली गेली. १२ मार्चला मुंबईत स्फोट झाले, २५७ माणसे मेली. हा गुन्हा भयानक होता आणि त्यात आपल्या भागातली माणसेही होती. हे झाकण्यात अर्थ नाही. विशेष न्यायालयाचा निकाल २००६ आणि २००७ मध्ये टप्प्याटप्प्याने लागला. १०० जण दोषी ठरले, २३ सुटले. दोषींमध्ये कस्टम आणि पोलीस खात्यातले लोकही होते, आणि ते सगळे एका धर्माचे नव्हते. म्हणजे कोर्टाने जे केले ते नावानिशी केले: अमुक दोषी, अमुक निर्दोष. ओटीवरच्या निवाड्याला अशी यादी लागत नाही. त्याला गावाचे नाव पुरते, आडनाव पुरते. ज्यांचा या प्रकरणाशी काडीचा संबंध नव्हता, त्यांनीही मुंबईत खोली शोधताना किंवा प्रवासात गावाचे नाव सांगताना आवाज खाली आणला.

रहस्यकथेच्या इतिहासात या गोष्टीची जाण फार आधी आली होती, हे पाहून आश्चर्य वाटते. रोनाल्ड नॉक्स हे कॅथलिक धर्मगुरू स्वतः रहस्यकथा लिहीत. १९२९ साली त्यांनी रहस्यकथेचे दहा नियम सांगितले. त्यांतला एक असा की कथेत चिनी माणूस नसावा. आज हा नियम विचित्र वाटतो, पण त्यामागचा रोख उलटा होता. त्या काळच्या स्वस्त कादंबऱ्यांत खलनायक हमखास चिनी असे. परका चेहरा दाखवला की लेखकाचे काम संपले, पुराव्याची गरज नाही. नॉक्स यांना तो आळस बंद करायचा होता. ‘चिनी’ या शब्दाच्या जागी आपल्याकडचा शब्द घालून पाहावा. टोपी, दाढी, सुरमा आणि बंदरावरची गोदी दाखवून ज्यांनी आपले कथानक उरकले, त्यांनी वाईट राजकारण केले असेल-नसेल. वाईट रहस्यकथा तर नक्कीच लिहिली. संशय सगळ्यांवर सारखा वाटला गेला तरच कोडे कोडे राहते. हा नियम न्यायाचा आहे तसाच तो कलेचाही आहे.

ख्रिस्तीबाईंनाही या कसोटीतून सूट देता येत नाही. त्यांच्या सुरुवातीच्या काही पुस्तकांत ज्यूंविषयी तुच्छतेची वर्णने आहेत. १९३९ ची त्यांची सर्वांत गाजलेली बेटावरची कादंबरी ज्या नावाने इंग्लंडमध्ये प्रथम छापली गेली, त्या नावात काळ्या लोकांना हिणवणारा शब्द होता. अमेरिकेत १९४० मध्ये नाव बदलून ‘अँड देन देअर वेअर नन’ केले, आणि आज सगळीकडे तेच चालते. मेजर बॅरीच्या हिंदुस्थानात हिंदुस्थानी माणूस दिसत नाही. हे दोष खरे आहेत. पण त्याच लेखिकेने आपला नायक परका ठेवला. पहिल्या महायुद्धात टॉर्कीत आलेले बेल्जियन निर्वासित पाहून त्यांना पॉयरो सुचला. इंग्रज त्याच्या मिशांना, त्याच्या उच्चारांना, त्याच्या टापटिपीला हसतात. तो हसू देतो. जो माणूस हास्यास्पद वाटतो त्याच्यासमोर लोक सावध राहत नाहीत. आणि आपल्या मंडळींविषयीचा इंग्रजांचा आंधळा विश्वास त्याच्याकडे नसल्यामुळे त्यांना जे दिसत नाही ते त्याला दिसते. परकेपणाची कमतरता तिने नजरेची ताकद करून दाखवली.

एक आक्षेप राहतो, आणि तो हलका नाही. खून ही काय करमणुकीची गोष्ट आहे? आपल्या शेजारच्या दिवेआगरात मार्च २०१२ मध्ये सुवर्णगणेशाच्या मंदिरावर दरोडा पडला आणि दोन रखवालदार मारले गेले. त्यात कसलेही कोडे नव्हते. दोन घरांतली कर्ती माणसे गेली, किनाऱ्यावरचे गाव हादरले, पोलिसांनी टोळी पकडली, खटला चालला, शिक्षा झाल्या. असा खून ज्याने जवळून पाहिला त्याला ‘जॉली रॉजर’वरचा खून खेळ वाटला तर त्याला दोष देता येणार नाही. तो खेळच आहे. पण १९४१ साली ही कादंबरी निघाली तेव्हा इंग्लंडवर बॉम्ब पडत होते आणि दक्षिणेच्या किनाऱ्यांवर काटेरी तारा होत्या. रोज माणसे मरत होती आणि कुणाचा मृत्यू कुणी ‘का’ म्हणून विचारत नव्हते. त्या वेळी वाचकाने असे पुस्तक हातात घेतले, ज्यात एका बदनाम, कुणालाही न आवडणाऱ्या बाईचा मृत्यू अडीचशे पाने पुरेल इतका महत्त्वाचा मानला जातो. तिच्यासाठी घड्याळे तपासली जातात, साक्षी घेतल्या जातात, ती कोण होती हे शोधले जाते. प्रत्येक मृत्यूला इतका हिशेब मिळावा, ही इच्छा खेळ नाही.

आणि म्हणून मला वाटते की ही कादंबरी आपल्या तरुण लेखकांनी वाचावी, विशेषतः आमच्या किनाऱ्यावरच्या. आज दिवेआगर-श्रीवर्धनच्या वाटेवर हॉटेले झाली आहेत, घरगुती राहण्याच्या सोयी झाल्या आहेत, दिघी-आगरदांड्याच्या फेरीबोटीतून मोटारी येतात. सुट्टीवरचे अनोळखी लोक आणि त्यांना वाचत बसलेला गाव, दोन्ही तयार आहेत. दर्यावर आणि आखातात गेलेले पुरुष आहेत, त्यांच्या मागे घर चालवणाऱ्या बायका आहेत, आणि त्या बायका बाजाराला कधी गेल्या, फोनवर कुणाशी बोलल्या, याचा हिशेब ठेवणारी ओटीही आहे. रहस्यकथेला लागणारे सगळे सामान इथे आहे. उणीव आहे ती एका पात्राची: जो ओटीवर बसून सगळे ऐकतो, स्वतः काही जोडत नाही, आणि उठताना फक्त एवढेच विचारतो, ‘हे तुम्ही स्वतः पाहिले, की ऐकले?’

‘ईव्हिल अंडर द सन’ दुसऱ्यांदा वाचताना खुनी शोधायचे काम उरत नाही. तेव्हा हातात पेन्सिल घ्यावी आणि अर्लेनाला वाईट म्हणणाऱ्या प्रत्येकाच्या वाक्यापुढे हाच प्रश्न मांडावा. बहुतेक वाक्यांपुढे ‘ऐकले’ असेच लिहावे लागते.